महत्त्वाकांक्षा कोणाच्या खाती?

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांत एक प्रश्न क्वचितच मोठ्याने विचारला जातो. परंतु तो घरोघरी मुक्कामाला आहे. मुलाने शिकावे, मोठ्या हुद्द्यावर जावे, जमल्यास परदेशी जावे आणि घराण्याचे नाव काढावे, अशी आईवडिलांची इच्छा असते. संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना संपवताना तेच आईवडील परमेश्वराजवळ मागणे मागतात की, आमच्या लेकराला तुझा विसर पडू देऊ नकोस. दोन्ही इच्छा मनापासूनच्या आहेत. मात्र त्या एका माणसाच्या आयुष्यात एकत्र कशा नांदाव्यात, याचे उत्तर कोणी देत नाही.

सामान्यतः आपण तडजोड काढतो. सहा दिवस जगाचे, सातवा देवाचा. कमाई आपली, तिच्यातून दिलेले दान देवाचे. याला आपण 'समतोल' असे भारदस्त नाव देतो. परंतु समतोल म्हटले की डोळ्यांपुढे तराजू येतो, आणि तराजूत एक पारडे जड झाले की दुसरे वर गेलेच पाहिजे. देव आणि कर्तृत्व यांना आपण असे समोरासमोरच्या पारड्यांत बसवले की माणूस मधोमध दुभंगतो. कचेरीत तो एक असतो, मंदिरात दुसरा. आणि या दोघांतला खरा कोणता, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. खरेपणाने जगणे म्हणजे काय, हा प्रश्न येथे सुरू होतो.

या प्रश्नाचा विचार करताना वर्ध्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जिल्ह्याच्या मातीने महत्त्वाकांक्षेची जितकी रूपांतरे पाहिली, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याने पाहिली असतील. विनोबा भावे १९२१ साली वर्ध्याला आले. तरुणपणी त्यांनी आपली प्रमाणपत्रे अग्नीच्या स्वाधीन केली होती आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले असता वाटेत सुरतेला उतरून थेट काशीचा रस्ता धरला होता. त्यांचा मार्ग तेजस्वी खरा. पण तो पाहून आपल्यासारखे प्रापंचिक लोक हात जोडतात आणि आपल्या कामाला लागतात. सर्वांनीच प्रमाणपत्रे जाळायची म्हटले, तर दवाखाने कोणी चालवायचे आणि शाळेत कोणी शिकवायचे?

म्हणून त्याच वर्ध्यातील दुसऱ्या एका माणसाकडे पाहू. ज्याने प्रमाणपत्रे जाळली नाहीत, खर्ची घातली, असा तो माणूस होता. त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते कॅथलिक नव्हते, प्रोटेस्टंट परंपरेत वाढले होते. तथापि येशू ख्रिस्ताचे अनुयायी म्हणवून घेणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या चरित्राकडे लक्ष द्यावे, असे ते चरित्र आहे.

तरुण कुमारप्पांचा मार्ग आपल्या आजच्या होतकरू मुलांना अगदी ओळखीचा वाटेल. लंडनला जाऊन त्यांनी हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतले, तेथे काम केले, पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. वेष पाश्चात्य, राहणी पाश्चात्य, मिळकत चांगली. त्यावर समाधान न मानता १९२७ साली ते अमेरिकेस गेले. तेथे सिराक्यूज विद्यापीठात व्यापारशास्त्राची पदवी घेतल्यावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास सुरू केला. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे मूळ सरकारी जमाखर्चात शोधणे, हा त्यांचा विषय ठरला.

आणि येथेच त्यांच्या आयुष्याला वळण लागले. आध्यात्मिक जागृती म्हटले की आपण पर्वत, अरण्य, एकांत यांची कल्पना करतो. कुमारप्पांची जागृती आकड्यांच्या रकान्यांत झाली. शेतकऱ्याकडून घेतलेला कर कोठे जातो आणि त्यातला किती त्याच्याकडे परत येतो, हे एका हिशेबतपासनिसाच्या डोळ्यांनी त्यांनी पाहिले. वही खोटे बोलत नव्हती. तीवरून नजर फिरवून पुढे जाणे त्यांना शक्य होते. तसे करणारे पदवीधर तेव्हा पुष्कळ होते आणि आजही आहेत. कुमारप्पांनी नजर फिरवली नाही. हाच प्रबंध घेऊन ते १९२९ च्या मे महिन्यात साबरमतीला गांधीजींना भेटले. त्यानंतर गुजरातेतील मातर तालुक्यातल्या खेड्यांची आर्थिक पाहणी करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. विलायती पोशाख गेला, खादी आली. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, तेव्हा त्याची धुरा कुमारप्पांकडे आली. जमनालाल बजाज यांनी दिलेली वर्ध्याची मगनवाडी ही त्यांची कर्मभूमी ठरली.

मगनवाडीत त्यांनी काय केले? तेलाची घाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाशीपालन, वनस्पती तेलावर जळणारा दिवा, अशा गोष्टींवर प्रयोग केले, माणसे शिकवून तयार केली, हिशेब ठेवले. लंडनमध्ये शिकलेली विद्या त्यांनी टाकून दिली नाही. वही तीच, काटेकोरपणा तोच. फक्त खातेदार बदलला. पूर्वी ते नफा कमावणाऱ्यांचे हिशेब पाहत असत, आता ज्यांचा हिशेब कोणीच ठेवत नव्हते त्यांचा ठेवू लागले.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतरचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवला आहे. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदत समितीचे हिशेब कुमारप्पांकडे होते. कार्यकर्त्यांच्या खर्चावर त्यांनी कडक मर्यादा घातली होती. गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले, तेव्हा त्यांच्या परिवाराचा खर्चही मदतनिधीतून करता येणार नाही, असे कुमारप्पांनी स्पष्ट सांगितले. आणि गांधीजींनी ते मान्य केले. गुरूपुढेही ज्याची वही वाकत नाही, त्या माणसाचा व्यवसाय आणि त्याची भक्ती या दोन वेगळ्या गोष्टी उरलेल्या नसतात.

आता आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीकडे वळू. महत्त्वाकांक्षा हे पाप आहे काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात हा प्रश्न बारकाईने हाताळला आहे. मानसन्मानाची बेसुमार हाव त्यांनी पाप ठरवली. परंतु मोठे कार्य करण्याची आस धरणाऱ्या मनाच्या विशालतेला त्यांनी सद्गुणांत स्थान दिले. आणि आपल्याला विशेष वाटावे ते असे की, मनाचा कोतेपणा, म्हणजे अंगी सामर्थ्य असूनही भीतीने लहानच राहणे, हेही त्यांनी पापच मानले. त्यासाठी त्यांनी प्रभू येशूच्या दाखल्यातील त्या चाकराचे उदाहरण दिले, ज्याने धन्याकडून मिळालेले धन जमिनीत पुरून ठेवले. त्या चाकराने चोरी केली नव्हती, उधळपट्टी केली नव्हती; तरी धनी त्याच्यावर कोपला.

ही गोष्ट आपल्या घरांत पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहे. कारण नम्रतेच्या नावाखाली आपण कित्येक मुलामुलींचे, विशेषतः मुलींचे, धन जमिनीत पुरायला लावतो. 'आपल्याला काय करायचे आहे एवढे शिकून? देवाने दिले त्यात सुख मानावे,' हे वाक्य ऐकायला धार्मिक वाटते. पुष्कळदा त्याच्या आड आपली भीतीच दडलेली असते.

दुसऱ्या बाजूची चूक संत इग्नाशियस लोयोला यांनी अचूक हेरली होती. १५२१ साली पाम्प्लोना येथे जखमी होईपर्यंत ते स्वतः कीर्तीच्या मागे लागलेले योद्धे होते, त्यामुळे या रोगाची नाडी त्यांना ठाऊक होती. आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात ते बजावतात की, पुष्कळ लोक आधी पद किंवा संसार निवडतात आणि मग त्यात देवाची सेवा कशी बसवता येईल ते पाहतात. म्हणजे साध्याला साधन आणि साधनाला साध्य करतात. आपली 'आधी स्थिरस्थावर होऊ, मग देवाधर्माचे पाहू' ही भाषा याच जातीची आहे. असे स्थिरस्थावर झालेले मन पुढे सहसा जागचे हलत नाही.

येथे कोणी रास्त शंका घेईल. कुमारप्पा अविवाहित होते. त्यांना मुलांची फी भरायची नव्हती, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी पाहायचे नव्हते, घराचे हप्ते नव्हते. संसारी माणसाने त्यांच्यापासून काय घ्यावे? शंका खरी आहे आणि ती टाळता येणार नाही. परंतु मगनवाडीची जागा ज्यांनी दिली, ते जमनालाल बजाज संसारी होते, व्यापारी होते आणि अखेरपर्यंत कामात होते. त्यांनी इंग्रज सरकारने दिलेली 'रायबहादूर' ही पदवी परत केली. १९२८ साली वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. संपत्तीचे आपण मालक नसून विश्वस्त आहोत, हा विचार त्यांनी व्यवहारात उतरवण्याचा यत्न केला. संसाराने त्यांना त्यागाचा प्रकार बदलायला लावला, त्यागातून सूट मात्र दिली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली पावित्र्याचे पाचारण सर्व श्रद्धावंतांना आहे असे सांगितले, त्याचाही आशय हाच. पावित्र्य मठाच्या भिंतीआड राखून ठेवलेले नाही. ते दुकानात, वर्गात आणि शेतातही मागितले जाते.

आणखी एक धोका येथेच ध्यानात घ्यावा लागतो. साधेपणाचीही महत्त्वाकांक्षा असू शकते. खादी मिरवता येते, उपवास सांगत फिरता येतात, त्यागाचे फोटो काढता येतात. खऱ्या जीवनाचा डौल हे खोट्या जीवनाचे सर्वांत फसवे रूप होय. कुमारप्पा काही निर्दोष संत नव्हते; त्यांचा तापट स्वभाव सहकाऱ्यांना चांगलाच ठाऊक होता. तो त्यांनी लपवला नाही, ही गोष्टही आपल्याला काही शिकवून जाते. खरेपणा म्हणजे परिपूर्णता असे समजून आपण विनाकारण निराश होतो. जे आहोत ते देवासमोर आणि माणसांसमोर एकच असणे, इतके जरी साधले तरी पुष्कळ.

१९४२ च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात असताना कुमारप्पांनी दोन पुस्तके लिहिली. एक टिकाऊ अर्थव्यवस्थेविषयी, दुसरे येशूच्या आचरणाविषयी व शिकवणुकीविषयी. आणि त्याच्या नावात त्यांनी आचरण आधी ठेवले, शिकवण नंतर. अर्थव्यवस्थेच्या पुस्तकात त्यांनी जगण्याच्या पाच पायऱ्या निसर्गाच्या दाखल्यांनी सांगितल्या. सर्वांत खाली दुसऱ्याला मारून जगणारा वाघ. वर चढत गेले की सबंध पोळ्यासाठी राबणारी मधमाशी. आणि सर्वांत वर, परतफेडीचा विचारही न करता पिलांच्या चोचीत घास भरवणारी पक्षीण. आपल्या महत्त्वाकांक्षेचे मोजमाप करण्यास यापेक्षा सोपी पट्टी मिळणे कठीण. आपली धाव किती मोठी, हे ती पट्टी विचारत नाही. तिचा घास कोणाच्या चोचीत पडतो, एवढेच विचारते.

या कथेचा शेवट यशाचा आहे असे मात्र म्हणता येत नाही. स्वतंत्र भारताने मोठ्या उद्योगांची वाट धरली. कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालील कृषिसुधारणा समितीने १९४९ साली अहवाल दिला. त्यातील बऱ्याचशा शिफारशी कागदावरच राहिल्या. अखेरची वर्षे त्यांनी तामिळनाडूतील टी. कल्लुपट्टी येथे घालवली आणि ३० जानेवारी १९६०, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, त्यांचे देहावसान झाले. जगाच्या वहीत ते हरलेले दिसतात. परंतु ज्या निष्ठेला यशाची हमी आगाऊ हवी असते, तिला आपण श्रद्धा म्हणत नाही. क्रुसाच्या पायथ्याशी उभे राहणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा आपल्या मुलांनी मोठे व्हावे, असे जरूर म्हणावे. परमेश्वराकडे त्यासाठी प्रार्थनाही करावी. पण संध्याकाळी सदसद्विवेकाचा हिशेब मांडताना, नफा किती झाला या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न घरात विचारला जावा: आज जे मिळवले, ते कोणाच्या खाती जमा झाले? मुलांना हा प्रश्न लहानपणीच ऐकू द्यावा. पुढे ती लंडनला जावोत की न्यूयॉर्कला, त्यांच्या वहीत तो प्रश्न राहील. आणि एखाद्या दिवशी आकड्यांच्या रकान्यातून एखादा गरीब त्यांच्याकडे पाहू लागला, तर त्यांना नजर फिरवता येणार नाही.