सतरा मिनिटे आणि क्षमेचा अधिकार

दीर्घ कथनाचा शेवट पटला नाही, असे आपण म्हणतो तेव्हा ती तक्रार रचनेविषयी असते की न्यायाविषयी? ‘बोजॅक हॉर्समन’ या अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिकेच्या सहाव्या व अखेरच्या पर्वाने हा प्रश्न अवघड स्वरूपात पुढे आणला. राफाएल बॉब-वॅक्सबर्ग यांची ही मालिका २०१४ पासून नेटफ्लिक्सवर येऊ लागली. अखेरच्या पर्वाचे १६ भाग ऑक्टोबर २०१९ आणि जानेवारी २०२० अशा दोन खेपांत प्रदर्शित झाले. माणसे आणि माणसांसारखे वागणारे प्राणी येथे शेजारी नांदतात. नायक बोजॅक हा घोडा आहे. एके काळी गाजलेल्या कौटुंबिक विनोदी मालिकेतला, आता विस्मृतीत जाऊ लागलेला नट. (प्राणिकथा म्हटली की तात्पर्य आलेच, ही पंचतंत्राने लावलेली सवय येथे फारशी उपयोगी पडत नाही.)

तिसऱ्या पर्वात (२०१६) सेरा लिन मरते. त्या जुन्या मालिकेत लहानपणी तिने बोजॅकच्या मानलेल्या मुलीची भूमिका केली होती. नशेत काढलेल्या अनेक दिवसांनंतर, लॉस एंजेलिसच्या तारांगणात, त्याच्या खांद्यावर डोके टेकून ती निश्चल होते. प्रेक्षकाने हा प्रसंग शोकात्म म्हणून स्वीकारला. त्यात बोजॅकविषयीचा कळवळाही मिसळलेला होता. अखेरच्या पर्वातील दूरचित्रवाणी-मुलाखतीत उघड होते की, त्या वेळी ती जिवंत होती. आपण तेथे मागाहून पोहोचलो असे भासावे म्हणून बोजॅकने १७ मिनिटे जाऊ दिली आणि मग रुग्णवाहिका बोलावली.

हे निव्वळ कथानकातील रहस्योद्घाटन म्हणून सोडून देता येत नाही. २०१६ मधील आपल्या करुणेचा आशयच त्यामुळे बदलतो. ज्या दृश्याने आपण हेलावलो, त्याच्याच पोटात ही मिनिटे होती. कथनाने प्रेक्षकाची फसवणूक केली, असा आक्षेप येथे घेता येईल. मला तो मान्य नाही. कथनाने खोटे काहीच सांगितले नव्हते, फक्त ते नायकाच्या बाजूला उभे होते आणि आपणही त्याच्यासोबत उभे होतो. मालिका हा प्रकारच सहवासावर जगतो. बोजॅकच्या बालपणाची, त्याच्या आईच्या कठोरपणाची, त्याच्या एकटेपणाची आपल्याला तपशीलवार माहिती आहे. सेरा लिन मोजक्याच भागांत भेटते. ज्याचा भूतकाळ ठाऊक असतो त्याचा अपराध आपल्याला कृत्य न वाटता परिणाम वाटू लागतो. व्यवहारातील आपले नैतिक निर्णयही पुष्कळदा याच पक्षपातावर उभे असतात.

पर्वाच्या मध्यावरील आठवा भाग या पक्षपाताला छेद देतो. त्यात बोजॅक दिसतच नाही. त्याच्या वर्तनाची झळ बसलेली माणसे दिसतात. पाचव्या पर्वात चित्रीकरणाच्या वेळी त्याने जिचा गळा आवळला होता ती अभिनेत्री जीना आता दुसऱ्या चित्रपटात काम करते आहे. सहकलाकाराच्या अनपेक्षित स्पर्शाने ती बिथरते. कारण कोणालाच ठाऊक नसते, आणि ही नटी अवघड आहे असा बोलबाला होऊन पुढची संधी हुकते. तिला दोष देणाऱ्यांपैकी कोणीही दुष्ट नाही. संपूर्ण मालिकेतील नैतिकदृष्ट्या सर्वांत प्रगल्भ प्रसंग मी हाच मानतो. या भागाने आखलेली वाट पुढे मात्र सोडली जाते. कथन पुन्हा बोजॅककडे वळते.

माझी खरी अडचण शिक्षेपाशी आहे. बोजॅकला कारावास होतो तो स्वतःच्याच विकलेल्या घरात बेकायदा शिरल्याबद्दल. ही शिक्षा बहुधा सगळ्याचीच असावी, अशा आशयाचे तो स्वतः बोलतोही. हॅना आरेन्ट यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’ (१९५८) या ग्रंथात क्षमा आणि शिक्षा यांचे नाते सांगितले आहे: ज्याला शिक्षा देता येत नाही त्याला माणसे क्षमाही करू शकत नाहीत, शिवाय कोणालाही स्वतःला क्षमा करता येत नाही. येथे अपराधीच सगळी खाती एकत्र करून एका शिक्षेत मिटवू पाहतो. मालिका त्याला दुजोरा देत नाही, पण पुरेसा विरोधही करत नाही.

सावत्र बहीण हॉलीहॉक हिच्या बाबतीत मालिका अधिक सचोटीने वागते. ती संबंध तोडणारे पत्र पाठवते. बोजॅक ते वाचतो, मजकूर मात्र प्रेक्षकापर्यंत येत नाही. तिचा निर्णय आपल्या संमतीसाठी मांडलेला नाही. अखेरच्या भागात छपरावर बोलताना डायनही निरोपच घेते. तिच्या कृतज्ञतेत क्षमा किती, हे ठरवता येत नाही.

सेरा लिनला असा निरोप घेता आलेला नाही. उपान्त्य भागात ती पुन्हा भेटते, मृतांच्या पंगतीत, कडवटपणे, नेमकेपणाने बोलते, गाते आणि काळ्या दारातून निघून जाते. पण ती पंगत बोजॅकच्या बुडत्या जाणिवेत मांडलेली आहे. तिच्या तोंडचे शब्दही त्याचेच आहेत.