उसने आमेन

जी गोष्ट आपल्या मनात नाही, ती केवळ दुसऱ्याच्या समाधानासाठी तोंडाने म्हणावी काय? प्रश्न जुना आहे. धर्मराजाने अश्वत्थाम्याच्या बाबतीत अर्धे सत्य सांगितले आणि त्याचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला, तेव्हापासून आपण त्याची चर्चा करीत आलो आहोत. माझा प्रश्न एवढा मोठा नाही. तो एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द मी माझ्या आजीच्या उशाशी बसून उच्चारला होता.

आजी नगरची. त्या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. पण माझ्या लेखी आजीचे गाव नगरच. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तिथे काम सुरू केले आणि १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागले. तिथल्या मंडळीत, ना. वा. टिळकांची भजने ऐकत आजी वाढली. तिचे लुगडे, तिची ओवी, तिचे जाते शेजारणींसारखेच होते. देवाशीही ती नगरी मराठीतच बोले.

दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचे ताट येई. ते त्यांच्या देवाला दाखवून आलेले असे. मंडळीतल्या एका बाईंनी एकदा हटकले, तेव्हा आजी म्हणाली, “तिने करंजी पाठवलीय, बाई. माझं मत नाही विचारलं.” पण घरी नुकताच बाप्तिस्मा घेतलेले कोणी पाहुणे असले, की तेच ताट ती मुकाट्याने फडताळात ठेवी. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न सोडवला आहे, हे मला पुढे वाचताना कळले. आपल्याला मोकळीक असली तरी तिच्यापायी दुसऱ्याच्या मनाला ठेच लागू नये, एवढे आजीला पुरेसे होते. नाताळात ते ताट भरून परत जाई.

रात्री जेवणे आटोपली, की आजी कंदिलाची वात बारीक करून गुडघे टेकी आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव घेई. आधी लेक, मग सुना, मग आम्ही नातवंडे. क्रम कधी चुकला नाही. त्यात थोरल्या काकांचेही नाव असे. घराच्या वाटणीवरून ते भांडून गेले होते. माझ्या वडिलांच्या मातीलासुद्धा आले नाहीत. मी एकदा रागाने विचारले, “ते आपल्याशी बोलतसुद्धा नाहीत. त्यांचं नाव कशाला घेतेस?”

“तो माझ्याशी बोलत नाही रे. मी त्याच्याविषयी देवाशी बोलते. त्यात त्याला काय विचारायचंय?”

पुढे मी शिकायला पुण्यास गेलो. पुस्तकांनी माझी श्रद्धा हिरावून घेतली असे म्हणण्याची पद्धत आहे. खरे सांगायचे तर ती आपली आपणच गळून गेली. सुटीत घरी आलो, तरी मी रविवारच्या उपासनेला जाईनासा झालो. आजी काही बोलली नाही. चर्चहून परतली, की माझ्यासाठी झाकून ठेवलेला चहा गरम करून देई, एवढेच.

शेवटच्या दुखण्यात तिला नावे आठवेनात. एका रात्री तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “तू घे. मी ऐकते.”

मी नावे घेतली आणि शेवटी आमेन म्हणालो. तिने डोळे मिटले. दोन दिवसांनी ती गेली.

त्या आमेनने मला कित्येक वर्षे छळले. ज्याच्यावर आपला विश्वास नाही, त्याच्या नावाने मी मरणाऱ्या माणसाला फसवले नाही ना? अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवत. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे परतल्या, तरी स्वतःचे मन वळल्याखेरीज त्यांनी तो धर्म घेतला नाही. १९०० साल उजाडावे लागले. नवऱ्यावरच्या मायेपोटी त्या बाईने श्रद्धा उसनी घेतली नाही, आणि मी मात्र आजीच्या मायेपोटी एक शब्द उसना घेतला!

मग मी स्वतःची समजूत घालू लागलो. आमेन हा शब्द मूळचा हिब्रू. त्याच्या धातूचा अर्थ स्थिर असणे, भरवशाचे असणे. म्हणजे तो मताचा कौल नसून भरवसा दिल्याचा शब्द आहे. तू ज्यांना सांभाळलेस त्यांना मी सांभाळीन, एवढेच मी म्हणालो. यात खोटे काय? ही समजूत मला पुष्कळ दिवस पुरली.

परंतु त्या रात्रीची एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. आमेनपाशी मी अडखळलोच नव्हतो. अडखळलो होतो तो थोरल्या काकांच्या नावापाशी. वडिलांची माती डोळ्यांपुढे आली आणि जीभ उचलेना. आजीने डोळे उघडले आणि ती वाट पाहत राहिली. शेवटी मी ते नाव घेतले. पण त्यांचे बरे व्हावे असे तेव्हा माझ्या मनात नव्हते. त्या प्रार्थनेत खोटे काही असेलच, तर ते देवाविषयी नव्हते, माणसाविषयी होते. आणि मी मात्र इतकी वर्षे भलत्याच शब्दाची झडती घेत बसलो होतो!

आजीचा चांगुलपणा तेवढा घ्यावा आणि तिची श्रद्धा बाजूला ठेवावी, असे मला तरुणपणी सोपे वाटे. आता तितके सोपे वाटत नाही. आता माझेही केस पिकले आहेत. काकाही कधीच गेले. उपासनेला मी अजून जात नाही. पण झोपण्यापूर्वी मनाशी ती नावे घेण्याची सवय मात्र लागली आहे. क्रम आजीचाच. ज्यांच्यावर माया आहे, त्यांची नावे सहज येतात. त्याला श्रद्धा लागत नाही. थोरल्या काकांपाशी मी अजून थांबतो. आजी तिथे थांबत नसे.