हे कुणी राखले?

ठाण्यातल्या खोपटच्या स्थानकातून एसटी पकडून आपण सातारा-कोल्हापूर गाठतो. वाडे पाहतो, तोफांशेजारी फोटो काढतो. जरूर पाहावे ते सारे. पण ज्या गावातून आपण निघतो, तेही एके काळचे राजनगर आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत त्याचे नाव येते श्रीस्थानक. नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकणावर या घराण्याने राज्य केले. अंबरनाथचे शिवमंदिर त्यांचेच, त्यावरच्या लेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे.

मग ठाण्यात त्यांचा वाडा कुठे आहे? कुठेच नाही. ठाण्यात राहिली आहेत ती तळी आणि कोपिनेश्वराचे मंदिर.

खोपटहून मासुंदा तलावापर्यंत आरामात चालत जाता येते. तलावपाळीवर संध्याकाळी सारे ठाणे लोटलेले असते, आणि काठावरच कोपिनेश्वर. शिलाहारांच्या काळचे हे देवस्थान पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झाले. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांकडे आले आणि १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मंदिर पुन्हा उभारले. पुढे इंग्रज आले. आता देवळाकडे बघायला आपला राजा नव्हता, सुभेदारही नव्हता. तरी १८७९ मध्ये मंदिराची दुरुस्ती झाली, वाढही झाली. ती ठाणेकरांनी वर्गणी काढून केली.

या वर्गणीपाशी माझे मन दरवेळी थांबते. कुणी कारकून असेल, कुणी दुकानदार, कुणी भाताची शेती करणारा. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आज आपण ज्या सभामंडपात उभे राहतो, त्यात त्यांचाही वाटा आहे. ऐतिहासिक वास्तूसमोर गेलो की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘हे कुणी बांधले?’ त्याचे उत्तर बहुधा फलकावर असते. ‘हे कुणी राखले?’ हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. बांधायला सत्ता लागते, पैसा लागतो. राखायला पिढ्यान् पिढ्या माणसे लागतात.

नुसत्या सत्तेने बांधलेले कसे हातोहात जाते, ते ठाण्याच्या किल्ल्यात पाहा. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये काम काढले, ते पुरे होण्याआधीच मराठ्यांनी तो घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथल्याच कैदेतून निसटले, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तरुण क्रांतिकारकांना इथेच फाशी झाली. आत सहज जाता येत नाही. बाहेरच्या भिंतीपाशी क्षणभर थांबून त्यांचे स्मरण करता येते, तेवढे तरी करावे.

आणि तळी? ती राखण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे. पूर्वी ठाण्यात साठ तळी होती असे जुने लोक सांगतात, त्यांतली बरीच बुजली. खोपटचे सिद्धेश्वर तळे अजून आहे. मुलांना तिथे घेऊन जा, त्याच्या काठाने एक फेरी मारा. यंदा गणपतीत मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करा, आणि निर्माल्य पाण्यात नको, कलशात टाका.