निकाल आणि न्याय

सामना संपला की प्रेक्षक न्यायाधीश होतो. खेळ कोणताही असो, देश कोणताही असो, हरलेल्या संघाचा चाहता घरी परतताना एकच प्रश्न मनात घोळवीत असतो : त्या क्षणी असे का केले? अमेरिकेत या वृत्तीला एक नावच पडले आहे. तेथील व्यावसायिक फुटबॉलचे बहुतेक सामने रविवारी होतात आणि सोमवारी सकाळी कामावर आलेला जो तो आदल्या दिवशीच्या चुका दाखवू लागतो. अशा माणसाला तिकडे ‘सोमवार सकाळचा क्वार्टरबॅक’ म्हणतात. आपल्याकडे यालाच पश्चातबुद्धी म्हणतात. थट्टेचा भाग सोडला, तर या वादाच्या पोटात नीतिशास्त्रातील एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. एखाद्या निर्णयाचा न्याय त्याच्या परिणामावरून करावा काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावतात किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ क्षणभर थांबतो आणि पुढची चाल ठरते : चेंडू घेऊन धावायचे की तो फेकायचा, फेकायचा तर कोणाकडे. ही चाल बहुधा मैदानाबाहेर उभा असलेला मुख्य प्रशिक्षक किंवा आक्रमणाची जबाबदारी सांभाळणारा त्याचा सहकारी निवडतो. १९९४ पासून तेथील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधाराच्या, हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून त्याच्या कानात ती सांगण्याची मुभा आहे. ठरविणारा एक, करणारा दुसरा आणि न्याय देणारे लाखो, अशी या खेळाची रचना आहे. निर्णय येथे कृतीपासून सुटा, स्वच्छ दिसतो. म्हणूनच चाहत्यांच्या वादाला तो आयता विषय मिळतो.

अशा वादांपैकी सर्वांत गाजलेला वाद १ फेब्रुवारी २०१५ च्या अंतिम सामन्यातला. सिअ‍ॅटलचा सीहॉक्स संघ न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्स संघाशी खेळत होता. शेवटची २६ सेकंदे उरली होती आणि सीहॉक्स २४–२८ असे मागे होते. चेंडू गोलरेषेपासून अवघ्या एका यार्डावर होता, हाती तीन प्रयत्न होते आणि घड्याळ थांबविण्याची एकच संधी शिल्लक होती. संघात मार्शॉन लिंच हा अंगावर येणाऱ्यांना झुगारून धावणारा दांडगा खेळाडू होता. चेंडू त्याच्या हाती जाणार, असे सारे जग धरून चालले होते. प्रशिक्षक पीट कॅरल आणि आक्रमण-प्रशिक्षक डॅरेल बेव्हल यांनी मात्र चेंडू फेकण्याची चाल निवडली. क्वार्टरबॅक रसेल विल्सनने तो फेकला आणि माल्कम बटलर या प्रतिस्पर्धी संघातील नवख्या खेळाडूने पुढे झेपावून तो मधल्यामधे हिरावून घेतला. विजेतेपद गेले. खेळाच्या इतिहासातील सर्वांत मूर्ख चाल अशी तिची संभावना त्या रात्रीच सुरू झाली.

आता थोडा शांतपणे हिशेब मांडू या. चेंडू घेऊन धावणारा अडविला गेला, तर घड्याळ चालूच राहते. ते थांबविण्याची एकच संधी असल्याने तिन्ही वेळा धावण्यास वेळ पुरेलच याची शाश्वती नव्हती. फेकलेला चेंडू जमिनीवर पडला तर मात्र घड्याळ आपोआप थांबते. म्हणजे एकदा फेकून पाहिले आणि ते साधले नाही, तरी धावण्याचे दोन प्रयत्न हाती राहणार होते. शिवाय त्या संपूर्ण हंगामात, त्या क्षणापर्यंत, लीगमध्ये एका यार्डावरून शंभराहून अधिक वेळा चेंडू फेकला गेला होता आणि एकदाही तो प्रतिपक्षाच्या हाती पडला नव्हता. उलट, त्याच हंगामात खुद्द लिंच एका यार्डावरून पाचदा धावला होता आणि एकदाच यशस्वी झाला होता.

याचा अर्थ टीकाकार सर्वस्वी चूक होते असे नाही. फेकायचाच होता तर गर्दीच्या मधोमध का फेकला, मोकळ्या कडेला का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. बटलरच्या प्रशिक्षकांनी हीच चाल सरावात त्याच्यापुढे मांडली होती. तेव्हा तो फसला होता, सामन्यात फसला नाही. प्रतिस्पर्ध्याच्या तयारीचा अंदाज कमी पडला, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु त्या रात्रीचा आक्रोश असल्या बारकाव्यांवर उभा नव्हता. त्याचा आधार एकच होता : चेंडू गेला, म्हणून निर्णय मूर्खपणाचा.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. तीन वर्षांनी, ४ फेब्रुवारी २०१८ रोजी, फिलाडेल्फियाचा ईगल्स संघ त्याच पेट्रियट्सविरुद्ध अंतिम सामना खेळत होता. मध्यंतराला थोडाच अवधी होता, चौथा म्हणजे अखेरचा प्रयत्न होता आणि येथेही चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर होता. सुरक्षित मार्ग म्हणजे चेंडू खांबांमधून मारून तीन गुण पदरात पाडून घेणे. प्रशिक्षक डग पेडरसन यांनी, क्वार्टरबॅक निक फोल्सच्याच सूचनेवरून, एक अफलातून चाल मान्य केली. नेहमी चेंडू फेकणारा फोल्स गुपचूप गोलरेषेपलीकडे सरकला आणि ट्रे बर्टन नावाच्या खेळाडूने चेंडू त्याच्याकडे फेकला. झेल नीट बसला, ईगल्सनी सामना ४१–३३ असा जिंकला आणि त्या वर्षीच त्यांच्या स्टेडियमबाहेर प्रशिक्षक व खेळाडूचा तो क्षण पुतळ्याच्या रूपाने उभा राहिला. तो झेल बोटांतून निसटला असता तर? निर्णय तोच, त्यामागील विचार तोच, धैर्यही तेच. पण पुतळ्याऐवजी शिव्यांची लाखोली वाट्यास आली असती.

वाचकांना यासाठी अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. २००७ साली जोहान्सबर्गला पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम क्रिकेट सामन्यात धोनीने शेवटचे षटक जोगिंदर शर्माला दिले. मिस्बाहने उचललेला चेंडू श्रीशांतच्या हातात विसावला आणि भारत पाच धावांनी जिंकला. त्या निर्णयाला आपण आजही दूरदृष्टी म्हणतो. तोच चेंडू क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून गेला असता, तर तिला आपण कोणते नाव दिले असते?

मानवी मनाच्या या खोडीचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. १९७५ साली बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज आणि गुरखे यांच्यात झालेल्या युद्धाची हकिकत त्याने लोकांना वाचावयास दिली आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगितला. ज्या गटाला जो शेवट सांगितला, तोच त्या गटाला अधिक संभवनीय वाटला. पुढे १९८८ साली बॅरन आणि हर्शी या अभ्यासकांनी शल्यविशारदाच्या एकाच निर्णयाचे दोन शेवट लोकांपुढे ठेवले. रोगी वाचला असे ऐकणाऱ्यांना तो निर्णय बरा वाटला. दगावला असे ऐकणाऱ्यांना तोच वाईट वाटला. शेवट कळला, की आधीचा अंधार आपल्याला आठवेनासा होतो.

ही खोड इतकी घट्ट का, याचे कारण आमच्या मते केवळ बुद्धीत नाही. हरलेल्या चाहत्याने आपले मन त्या संघात गुंतविलेले असते, पण मैदानावर त्याच्या हाती काहीच नसते. अशा वेळी ‘चेंडू एक वीत इकडे असता तर’ हे सत्य त्याला पेलवत नाही. यदृच्छेपेक्षा अपराधी माणूस पत्करला, असे त्याला वाटते; कारण अपराधी सापडला की जगाला अर्थ आल्यासारखा वाटतो. मग खापर फोडण्यासाठी एक डोके शोधले जाते.

या प्रश्नावर तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला विवेक आजही मार्गदर्शक आहे. कृत्यानंतर घडणाऱ्या परिणामामुळे कृत्याच्या बरेवाईटपणात भर पडते काय, असा प्रश्न त्यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात घेतला आहे. त्यांच्या उत्तराचा सारांश असा : परिणाम कर्त्याला आधी दिसत असेल, अथवा तशा कृत्यातून तो स्वभावतः व बहुतेक वेळा उद्भवत असेल, तर तो हिशेबात धरावा. जो क्वचित आणि अपघाताने घडतो, तो धरू नये. निर्णय घेताना काय ठाऊक होते आणि काय ठाऊक असावयास हवे होते, या दोन प्रश्नांच्या आतच न्यायाने वावरावे. ‘पुढे काय झाले’ हा तिसरा प्रश्न इतिहासाचा आहे.

मग चाहत्याने तोंड मिटून बसावे काय? मुळीच नाही. बाहेरच्या माणसाची टीका कित्येकदा खरी ठरते. चौथ्या प्रयत्नाला धोका न पत्करता चेंडू लाथेने दूर धाडून द्यावयाचा, अशी त्या खेळातील प्रशिक्षकांची जुनी रीत होती. डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ ते २००० या तीन हंगामांतील सातशेहून अधिक सामन्यांची आकडेवारी तपासली आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले, की प्रशिक्षक गरजेपेक्षा फार सावधपणे वागत होते. हा गृहस्थ कोणत्याही संघाचा प्रशिक्षक नव्हता, तरी त्याचे म्हणणे टिकले आणि पुढील काळात प्रशिक्षकांची रीतही पालटत गेली. ते टिकले, कारण त्याने एका रात्रीचा निकाल हाती धरला नव्हता. शेकडो प्रसंगांत कोणता मार्ग शहाणपणाचा ठरतो, ते तपासले होते.

येथेच निकालावरून न्याय करण्याचा खरा तोटा दिसतो. रुळलेल्या वाटेने जाऊन हरलेल्या प्रशिक्षकाला कोणी फारसे बोलत नाही. वेगळी वाट धरून हरलेल्याला मात्र नोकरीची चिंता लागते. हे ओळखणारा प्रशिक्षक विजयाचा नव्हे, दोष टाळण्याचा मार्ग निवडू लागतो. म्हणजे आपला अन्याय्य न्याय पुढच्या निर्णयकर्त्याला भित्रा बनवितो. आणि प्रशिक्षकाला जे लागू, ते वैद्याला, शिक्षकाला, संस्थेच्या विश्वस्ताला आणि घरातील कर्त्या माणसालाही लागू आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘माझा विचार बरोबर होता, दैव फिरले, त्याला मी काय करणार’ असे म्हणून कर्त्याने हात झटकावे काय? बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली एक उदाहरण मांडले. ट्रकचालकाची कसलीही चूक नसताना एक बालक त्याच्या वाहनाखाली सापडते. आपण सारे त्याला सांगतो, की तुझा दोष नाही, आणि ते खरेच असते. तरीही तो लगेच आमचे ऐकून निश्चिंत झाला, तर आपल्याला त्याच्याविषयी काही खटकते. या उदाहरणातून आम्हांस एक धडा मिळतो : बाहेरच्यांनी न लादलेले ओझे कर्त्याने आपणहून उचलण्यात माणुसकी आहे. त्या सामन्यानंतर पीट कॅरल यांनी आपल्या चालीमागील विचार सांगितला, पण जबाबदारी सहकाऱ्यावर किंवा खेळाडूवर न ढकलता उघडपणे स्वतःच्या शिरावर घेतली. निर्णयाचे समर्थन आणि परिणामाचा स्वीकार या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे त्यांनी दाखविले. बेव्हल यांना संघाने २०१८ च्या जानेवारीत दूर केले. पण चाहत्यांच्या बोलण्यात त्यांचे नाव तोवर त्या एका चालीलाच बांधले गेले होते.

धर्मगुरू म्हणून शोकाकुल घरांत बसण्याचा प्रसंग आम्हांवर वारंवार येतो. तेथे खेळाचा विषय नसतो, पण प्रश्न तोच असतो. ‘आदल्या दिवशीच इस्पितळात नेले असते तर?’ ‘ऑपरेशनला होकार दिलाच नसता तर?’ ‘त्याला त्या दिवशी मोटरसायकल दिली नसती तर?’ पत्नी, पिता, थोरला भाऊ स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात आणि आज ठाऊक असलेल्या गोष्टींवरून कालच्या स्वतःला शिक्षा ठोठावतात. कधी घरातलीच दुसरी व्यक्ती ती शिक्षा सुनावते आणि भावाभावांत आयुष्यभराचा अबोला धरला जातो. अशा वेळी ‘त्या रात्री तुम्हांला काय ठाऊक होते?’ एवढा एक प्रश्न शांतपणे विचारला, तर पुष्कळ गाठी सैल होतात. जे ठाऊक होते त्यावरून, प्रेमाने आणि विचाराने निर्णय घेतला असेल, तर दुःख राहील, राहावेही. पण अपराधाचा डाग राहण्याचे कारण नाही.

चाहत्यांचे वाद या दृष्टीने क्षुल्लक नाहीत. तेथे कोणाचा जीव जात नाही, म्हणून न्यायबुद्धीचा सराव करण्यास ती जागा चांगली आहे. पुढच्या वेळी दूरचित्रवाणीसमोर बसून आपल्या मुलाने ‘काय मूर्ख कप्तान आहे!’ असे म्हटले, तर त्याला गप्प करू नये. चेंडू सुटण्यापूर्वी तुझे मत काय होते, एवढेच त्याला विचारावे. उत्तर देताना तो थोडा घुटमळेल. त्या घुटमळण्यात त्याच्या न्यायबुद्धीची सुरुवात आहे.