ताटावर आडवा हात

पाठ सैल सोडून बसा. श्वास चालला आहे तसा चालू द्या. आज तोच आपलं घड्याळ.

मनासमोर भूमध्य समुद्र आणा, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं व्हिलफ्रांश गाव. १८७५ साली तिथे ऑस्कर हर्टविग हा तरुण जर्मन प्राणिशास्त्रज्ञ सागरी अर्चिनची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसला होता. अर्चिन म्हणजे खडकाला चिकटलेला काटेरी गोळा. त्याचं अंडं मात्र इतकं नितळ, की आतलं काहीच झाकून राहत नाही. त्या नितळपणात हर्टविगने दोन केंद्रकं एकमेकांकडे सरकून एक झालेली पाहिली.

तसंच एक अंडं आपणही पाहू. जेमतेम एक दशांश मिलिमीटरचं, भोवती जेलीचा थर. आत पुढच्या कामाचा सगळा शिधा भरलेला आहे. कोणती प्रथिनं घडवायची त्याचे निरोप आहेत, ती घडवणारी यंत्रणाही आहे. पण सगळं थबकलेलं. या थबकलेपणापाशी थोडं थांबा. ते रिकामं नाही.

आता शुक्राणू येतात, एकामागून एक, कितीतरी. जेलीचा स्पर्श होताच शुक्राणूच्या टोकावरची इवलीशी पिशवी फुटते आणि तिथून एक बारीक बोट पुढे येतं. त्या बोटावरचं बाइंडिन नावाचं प्रथिन आपल्या जातीचं अंडं ओळखतं. ओळख पटते. दोघांची पटलं एकमेकांत मिसळतात.

एक श्वास घ्या.

तो बाहेर पडेपर्यंत अंड्याचं उत्तर देऊन झालेलं असतं. समुद्राच्या पाण्यातले सोडियमचे आयन आत शिरतात आणि पटलावरचा विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपासहून शून्य ओलांडून वर चढतो. आता दुसरा शुक्राणू टेकला तरी मिसळू शकत नाही. पंगतीत वाढपी पुन्हा आला की आपण ताटावर हात आडवा धरतो ना, तसं.

पण हात किती वेळ धरणार? हा दाब मिनिटभर टिकतो.

म्हणून आणखी पाच-सहा श्वास, सावकाश. एवढ्या वेळात, शुक्राणू शिरला त्या जागेपासून कॅल्शियमची लाट निघते आणि अंड्याच्या पलीकडच्या टोकाला पोचते. हे कॅल्शियम अंड्याने स्वतःपाशीच साठवलेलं. लाट जाते तिथले पटलाखालचे दाणे फुटतात. असे सुमारे १५,००० दाणे असतात. त्यांतली विकरं बाहेरच्या आवरणाचे टाके उसवतात, फटीत पाणी ओढलं जातं, आणि तव्यावरच्या फुलक्याचा पापुद्रा एका कडेने सुटत सुटत टम्म व्हावा, तसं ते आवरण अंड्यापासून सुटून वर उचललं जातं. मग त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट बांधली जातात. पापुद्रा कडक होतो.

आता बाहेर राहिलेल्यांकडे पाहा. ते अजून धडकताहेत. त्यांच्याविषयी वाईट वाटलं तर वाटू द्या.

मग हेही आठवा. दोन शुक्राणू शिरलेल्या अर्चिनच्या अंड्यांचं काय होतं, ते थिओडोर बोव्हेरीने १९०२ साली दाखवलं. अंडं दोनाऐवजी एकदम तीन-चार पेशींत विभागतं. गुणसूत्रांची वाटणी विस्कटते, कुणाला जास्त, कुणाला कमी. बहुतेक भ्रूण पुढे धड वाढतच नाहीत. जास्तीचं आलं आणि होतं तेही हातचं गेलं.

श्वासाकडे या.

दार मिटलं आहे. आत अंड्याची आम्लता उतरू लागते. थांबलेले निरोप वाचले जातात, प्रथिनं घडू लागतात. फलनानंतर अर्चिनचं अंडं सहापटीपर्यंत प्राणवायू घेऊ लागतं, हे ओटो वारबुर्गने १९०८ साली मोजलं होतं. केंद्रकं एकत्र येतात. तासा-दीड तासात एकाची दोन होतात.

क्रम पुन्हा मनात फिरवा. एक आलं. पुरे म्हटलं. मग शिधा उघडला.

आज तुमच्यापाशी काय काय आलं? त्यातलं एकच समोर घ्या, एखादं वाक्य, एखादा चेहरा. बाकीचं दाराशी उभं राहील, राहू द्या. हात आडवा धरा.

पुढचा श्वास येईलच. तोवर हा एक पुरे.