घट्ट बसलेला बोल्ट कोणाचा?

गाडीचे ऑईल घरच्या घरी बदलणे हे आपल्या धरणगावात काही नवलाचे नाही. ट्रॅक्टर असलेला शेतकरी दर वेळी जळगावला धावत नाही. खळ्यातच ट्रॅक्टर उभा करतो आणि ऑईल सोडतो. पुढे दारात चारचाकी आली तेव्हा तेच हात तिच्याखालीही गेले. काम तसे सोपे आहे. इंजिन थोडे गरम करायचे, खालच्या चेंबरचा बोल्ट काढायचा, काळे ऑईल घमेल्यात गळू द्यायचे, फिल्टर बदलायचा, बोल्ट पुन्हा बसवायचा आणि वरून नवे ऑईल ओतायचे. छोट्या कारला तीन-साडेतीन लिटर पुरते. एका सकाळचे काम. पण हे सगळे बोल्ट सुटला तर. तो हलतच नाही तेव्हा काम थांबते आणि प्रश्न सुरू होतात. त्यातला एक प्रश्न पान्याने सुटणारा नाही. तो असा, की हा बोल्ट इतका आवळणाऱ्या माणसाने आपले काही वाईट केले का?

आधी बोल्ट का अडकतो ते पाहू. पहिला संशय गंजावर जातो. बाहेरून डोके गंजलेले असतेही. पण आतले आटे वर्षभर तेलातच बुडालेले असतात, ते सहसा गंजत नाहीत. बहुतेक वेळा कारण एकच असते: मागच्या माणसाने तो नको इतका आवळलेला असतो. अनेक छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत या बोल्टसाठी सुमारे ३५ न्यूटन मीटर एवढा जोर सांगितलेला असतो. साध्या भाषेत, एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला बारा किलोचे वजन टांगले तर जेवढा पीळ बसेल तेवढा. बस्स. बारा किलो म्हणजे पाण्याची भरलेली बादली. त्याच पान्याला तीन फुटी पाईप लावून तेवढ्याच ताकदीने ओढले, की पीळ तिप्पट होतो. हाताला काही वेगळे जाणवत नाही, बोल्टला मात्र जाणवते.

दुसरे कारण वायसर. बोल्टच्या डोक्याखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनिअमचा एक चपटा वायसर असतो. तो एकदा दाबला जाऊन फटी बुजवतो, म्हणून दर वेळी नवा घालायचा असतो. किंमत अगदी किरकोळ. तोच जुना पुन्हा घातला तर ऑईल पाझरण्याची शक्यता असते, आणि ते पाझरू नये म्हणून माणूस आणखी आवळतो. किरकोळ पैसे वाचले, पण ते कोणाच्या खिशातून वाचले हे वर्षभराने गाडीखाली आडवे पडल्यावर कळते.

आता त्या आवळणाऱ्याची बाजू घेऊ. त्याला विचारले तर तो म्हणेल, गळण्यापेक्षा घट्ट बरे. रस्त्यात बोल्ट पडला, ऑईल सांडले आणि इंजिन जाम झाले तर केवढ्याला पडेल? त्याचे म्हणणे खोटे नाही. सैल बोल्टचे नुकसान जास्त मोठे आहे. म्हणून पुष्कळांना वाटते, की जास्त आवळणे ही काळजीचीच खूण आहे आणि काळजीत कसला आला दोष?

मला वाटते, इथे थोडे थांबून पाहायला हवे. बोल्ट सैल राहिला तर दोन दिवसांत फरशीवर डाग दिसतो आणि तो कोणामुळे पडला हे सगळ्यांना कळते. बोल्ट जास्त आवळला गेला तर ते वर्षभराने, कोणा दुसऱ्याला, दुसऱ्याच जागी कळते. तोवर आवळणाऱ्याचे नाव कोणाच्या लक्षातही नसते. म्हणजे एक चूक आपल्या अंगाशी येते आणि दुसरी दुसऱ्याच्या. अशा वेळी हात आपोआप कोणत्या बाजूला झुकणार? तीन फुटी पाईप लावणारा माणूस गाडीची काळजी घेतो आहे असे दिसते. खरे तर तो आपल्यावर बोल येऊ नये याची काळजी घेत असतो. या दोन काळज्या बाहेरून अगदी सारख्या दिसतात, त्यांतला फरक पाना धरणाऱ्यालाही बऱ्याचदा कळत नाही.

हे गाडीपुरते नाही. स्वयंपाकघरातला नळ पाहा. टपटप ऐकू येते, म्हणून जो तो तो करकचून बंद करतो. आतला वायसर त्यानेच झिजतो, मग आणखी पिळावा लागतो, आणि एक दिवस घरातल्या आजीला तो उघडतच नाही. लोणच्याच्या बरणीचे झाकणही तसेच. बंद करणारा हात तरुण असतो. उघडणाऱ्या हाताची बोटे सांधेदुखीने वाकलेली असतील, हे त्याला बंद करताना आठवत नाही.

शेजारी कोण, या प्रश्नाला शुभवर्तमानात चांगल्या शोमरोन्याचा दाखला हे उत्तर आहे. त्या दाखल्यातला जखमी माणूस वाटेवर समोर पडलेला होता, दिसत होता. आपल्या बोल्टचा शेजारी दिसत नाही. तो पुढच्या वर्षी येणार आहे. कदाचित तो एखाद्या गॅरेजमधला पोरगा असेल, कदाचित गाडी विकत घेणारा अनोळखी माणूस, किंवा आपणच, एक वर्षाने थकलेले. ज्याला चेहरा नाही त्याची आठवण ठेवणे अवघड आहे हे मान्य. पण अवघड आहे म्हणून ते आपल्याला लागू होत नाही, असे म्हणता येणार नाही.

इथे आपल्याही पदरात थोडे घालून घ्यावे लागेल. गॅरेजमधला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा बोल्ट इतका का आवळतो? एकदा कधीतरी कोणाची गाडी गळाली, आणि गिऱ्हाइकाने चारचौघांत त्याला झापले. फार घट्ट लावला म्हणून त्याला कोणी कधी बोलले आहे का? नाही. मग तो घट्टच लावणार. त्याला हा धडा आपणच दिलेला आहे.

आता अडकलेला बोल्ट समोर असताना काय करावे? पहिला शत्रू राग. अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांनी मोटारसायकलच्या देखभालीवर १९७४ साली एक तत्त्वज्ञानाचे पुस्तक लिहिले. त्यात ते एका अडकलेल्या स्क्रूपाशी बराच वेळ थांबतात. स्क्रू दुकानात क्षुल्लक किमतीचा, पण तो निघत नाही तोवर गाडी उघडत नाही, म्हणून त्या घटकेला त्याची किंमत अख्ख्या गाडीइतकी होते. हे पटण्यासारखे आहे. त्या क्षुल्लक वस्तूकडे माणूस पहिल्यांदा नीट पाहतो तो तेव्हाच.

नीट पाहिले तर आधी दिशा तपासावी. हात आत घालून, बोल्ट न पाहता ओढणारे काही जण तो सोडवण्याऐवजी आणखी आवळत असतात. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून पाहिले असता घड्याळाच्या उलट दिशेने तो सुटतो. मग पाना. स्क्रू पाना किंवा उघड्या तोंडाचा पाना नको, त्याने कोपरे गोल होतात. सहा कोनांची गोटी घट्ट बसवावी. चेंबर ॲल्युमिनिअमचे असेल तर इंजिन गरम केल्याचा फायदा होतो, कारण तापल्यावर ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते आणि पकड किंचित ढिली होते. मात्र ऑईल हात भाजण्याइतके तापू देऊ नये. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार हलके ठोके द्यावेत. आणि गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. चाकांना दगड आणि गाडीखाली मजबूत घोडी हवीच. आपल्याकडच्या मे महिन्यात हे काम पहाटे करावे. दुपारी तापलेला पत्रा आणि तापलेले डोके, दोन्ही घातक.

इतके करूनही हलला नाही, तर? माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे. लांब पाईप भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. घरातली मंडळी ओट्यावरून पाहत असतात, शेजारी दोन सल्ले देऊन गेलेला असतो. अशा वेळी गाडी तशीच बंद ठेवून, दुसऱ्या दिवशी जुन्याच ऑईलवर हळू चालवत मिस्तरीकडे नेणे कमीपणाचे वाटते. पण हिशेब करून पाहा. ऑईल बदलायला आणखी चार दिवस लागले म्हणून इंजिनाचे काही बिघडत नाही. आटे फाटले तर मात्र गाडी जागची हलत नाही आणि चेंबरला नवे आटे पाडावे लागतात किंवा चेंबरच बदलावे लागते. काही मिस्तरी वरून, ऑईलची पट्टी असते त्या नळीतून, पंपाने ऑईल ओढून काढतात. तळाचा थोडा गाळ राहतो, पण अडलेल्या माणसाचे काम भागते.

बोल्ट सुटलाच, तर घमेल्यातल्या काळ्या ऑईलबद्दल एक शब्द. ते गटारीत ओतणाऱ्याचा विचारही पाईप लावणाऱ्यासारखाच असतो: आपल्या अंगणातून गेले म्हणजे संपले. वापरलेले ऑईल आपल्या देशात २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा गणले जाते. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून पुनर्वापराला नेण्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. आपण ते कॅनमध्ये भरून ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजवर द्यावे, एवढे तरी आपल्या हातात आहे. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला ते फासण्याची जुनी रीत आपल्याकडे आहे, पण तेही पावसाच्या पाण्याबरोबर शेवटी मातीतच उतरते.

मग नवा वायसर घालावा. बोल्ट आधी बोटांनीच फिरवावा, म्हणजे आटे सरळ धरले की नाही ते कळते. शेवटी एक फुटी पान्याने त्या बादलीच्या वजनाएवढा ओढ द्यावा आणि हात काढून घ्यावा. मन म्हणेल, अजून थोडे. त्या रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि सकाळी पाहावे. थेंब दिसला तर पाना पुन्हा लावून अगदी किंचित आवळता येते, त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.