माणसाची सवड : ‘किसेइजू’च्या दोन संहिता

१

एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात गेली की समीक्षेत पहिल्यांदा उपस्थित होतो तो मूळनिष्ठेचा प्रश्न. काय गाळले, काय वाढवले, काय बदलले याची यादी तयार होते आणि त्या यादीवरून रूपांतराचे मूल्यमापन केले जाते. ही पद्धत निरुपयोगी नाही, परंतु अपुरी आहे. ज्या कलाकृतीचा गाभाच एखादा नैतिक प्रश्न आहे, तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. माध्यम बदलल्यावर तो प्रश्न तोच राहतो का? घटना, पात्रे आणि संवाद बव्हंशी कायम राहूनही प्रश्नाचे स्वरूप पालटू शकते का? हितोशी इवाआकी यांची ‘किसेइजू’ ही विज्ञानकथात्मक चित्रमालिका आणि तिचे दूरचित्रवाणीवरील रूपांतर या दृष्टीने एकत्र वाचण्याजोगे आहे.

‘किसेइजू’ या शब्दाचा अर्थ ‘परजीवी पशू’ असा होतो. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतून, मुख्यतः ‘आफ्टरनून’ या मासिकातून, क्रमशः प्रसिद्ध झालेली ही मांगा दहा खंडांत १९९५ साली पूर्ण झाली. तिला १९९३ साली कोदान्शा मांगा पुरस्कार आणि १९९६ साली जपानी विज्ञानकथेचा सेइउन पुरस्कार मिळाला. तिच्यावर आधारलेली चोवीस भागांची अ‍ॅनिमे मालिका मात्र बऱ्याच उशिरा, ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात, प्रसारित झाली. मॅडहाऊस या संस्थेने ती निर्माण केली व केनइची शिमिझु यांनी दिग्दर्शित केली. कथानकाच्या बाबतीत हे रूपांतर मुळाशी बरेच प्रामाणिक आहे. म्हणूनच जे थोडे फरक पडले आहेत, ते अधिक अर्थपूर्ण ठरतात.

२

कथेचा आरंभ एका निनावी विचाराने होतो. पृथ्वीवरच्या कोणाच्या तरी मनात येते की माणसांची संख्या घटली तर किती अरण्ये वाचतील. त्यानंतर अज्ञात स्थळाहून आलेले जीव माणसांच्या शरीरात शिरतात, मेंदूचा ताबा घेतात आणि माणसे खाऊन जगू लागतात. शिनइची इझुमी या विद्यार्थ्याच्या शरीरात शिरलेला जीव मेंदूपर्यंत पोहोचू शकत नाही. तो त्याच्या उजव्या हाताच्या जागी वस्ती करतो आणि ‘मिगी’, म्हणजे ‘उजवा’, हे नाव धारण करतो. एका देहात दोन जाणिवा नांदू लागतात.

मिगी हा माणसाकडे बाहेरून पाहणारा डोळा आहे. तो ग्रंथ वाचून भाषा आणि ज्ञान आत्मसात करतो. सैतान या संकल्पनेची माहिती वाचल्यावर, तिच्या सर्वांत जवळ जाणारा प्राणी माणूसच असावा, असा निष्कर्ष तो शांतपणे काढतो. या निष्कर्षात उपरोध नाही आणि रागही नाही. माणूस असंख्य जातींचे प्राणी खातो, परजीवी मात्र एक-दोनच जाती खातात. एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. वाचकाला हा हिशेब खोडून काढता येत नाही, आणि तो मान्यही करवत नाही. ‘किसेइजू’चा नैतिक प्रश्न या कोंडीतून जन्मतो. मानवजातीचा न्याय करायचा तर मानवाबाहेरची भूमिका हवी. ती भूमिका मिगीपाशी आहे, पण त्याला या न्यायाची गरज वाटत नाही. त्याला फक्त जगायचे आहे. ज्याला न्यायाची तहान आहे तो माणूस त्या भूमिकेवर उभा राहू शकत नाही.

हिरोकावा या पात्राच्या द्वारे इवाआकी ही कोंडी अधिक तीव्र करतात. परजीवींचा नेता असलेला हा महापौर, पृथ्वीचे खरे परजीवी माणसेच आहेत, असे प्रतिपादन करणारे भाषण करतो आणि सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडतो. मृत्यूनंतर उघड होते की तो परजीवी नव्हता, माणूस होता. पृथ्वीच्या वतीने माणसाविरुद्ध खटला चालवणारा वकीलही माणूसच निघावा, ही कथेतील सर्वांत मार्मिक घटना म्हणता येईल. साऱ्या जीवसृष्टीचे मुखत्यारपत्र आपल्या नावे लिहून घेण्याची हौस फक्त माणसालाच असते. त्याची आत्मनिंदाही त्याच्या अहंतेची एक तऱ्हा ठरते.

३

या कोंडीला इवाआकी सिद्धान्ताने उत्तर देत नाहीत. ते काही प्रसंग समोर ठेवतात. परजीवीने आईचा बळी घेतला आहे, तिच्याच देहाने शिनइचीच्या हृदयावर घाव घातला आहे आणि मिगीने आपल्या देहाचे अंश मिसळून ते हृदय सांधले आहे. त्यानंतर शिनइचीची शारीरिक शक्ती वाढते, पण त्याला रडू येईनासे होते. रस्त्यात मरणासन्न पडलेल्या एका पिलाला तो शेवटपर्यंत हातांत धरून बसतो. प्राण जाताच ते कलेवर सहजपणे कचऱ्याच्या डब्यात टाकतो. आता ते पिलू उरले नाही, पिलाच्या आकाराचे मांस उरले, असे त्याचे म्हणणे. त्याची मैत्रीण सातोमी मुरानो हादरून जाते. तिची प्रतिक्रिया पाहून तो परत जातो, कलेवर बाहेर काढतो आणि झाडाखाली पुरतो.

चित्रकथेच्या पानावर हा प्रसंग ज्या रीतीने येतो ती लक्षणीय आहे. इवाआकी यांची रेषा मितभाषी आहे. भीषण हिंसा आणि शाळेतली गप्पागोष्ट ती सारख्याच सपाट तटस्थतेने रेखाटते. करुणेच्या जागा ती अधोरेखित करीत नाही. हात रिकामे झाल्याची चौकट आणि मुरानोच्या चेहऱ्याची चौकट यांच्यामध्ये कागदाची एक कोरी पट्टी असते. त्या पट्टीत किती वेळ थांबायचे हे वाचक ठरवतो. शिनइचीचे म्हणणे तर्काला धरून आहे, मग ते असह्य का वाटते, हा प्रश्न वाचकाला तिथेच पडतो आणि त्याचे उत्तर शोधायला पानावर जागा असते. लेसिंगने १७६६ साली ‘लाओकून’मध्ये चित्र ही अवकाशाची आणि काव्य ही काळाची कला म्हणून वेगळी केली. चित्रकथा या विभागणीत नीटशी बसत नाही. तिच्यात काळ अवकाशाच्या रूपाने मांडलेला असतो आणि तो पुन्हा काळात उलगडण्याचे काम वाचकाकडे सोपवलेले असते.

अ‍ॅनिमेत हाच प्रसंग जवळपास तसाच आहे. मात्र त्याची लांबी ठरलेली आहे, संगीत केव्हा सुरू व्हावे हे ठरलेले आहे आणि मुरानोच्या धक्क्याला आवाज आहे. प्रेक्षकाला करुणा जाणवते, पण ती कोणत्या क्षणी जाणवावी हे दुसऱ्या कोणीतरी ठरवून दिलेले असते. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर विभाव-अनुभाव दोन्हीकडे तेच आहेत, फरक साधारणीकरणाच्या गतीत आहे. चित्रकथेत सहृदयाला संकोचायला, मागे परतायला, शिनइचीचे म्हणणे क्षणभर पटवून घ्यायलाही वाव आहे. हे शेवटचे फार महत्त्वाचे. ज्याला शिनइचीचे तर्कशास्त्र क्षणभरही पटले नाही, त्याला पुढच्या दफनाचे मोल पूर्णांशाने कळणार नाही.

ध्वनीच्या आगमनाने केवळ हानीच झाली असे मात्र म्हणता येत नाही. आया हिरानो यांनी मिगीला दिलेला आवाज चौकस, स्वच्छ आणि निरागस आहे. त्यामुळे मिगीचे परकेपण आरंभापासून बोथट होते, हे खरे. कागदावरच्या मिगीला आवाजच नव्हता, आणि त्याच्या वाक्यांना कोणता सूर द्यावा हे न कळण्यातच त्याचे भय होते. परंतु कथेच्या अखेरीस मिगी दीर्घ निद्रेत जातो तेव्हा पारडे फिरते. चित्रकथेत सगळेच निःशब्द असल्यामुळे एका पात्राचे गप्प होणे बुद्धीने जाणून घ्यावे लागते. अ‍ॅनिमेत ते कानाला कळते. तेवीस भाग सोबत करणारा आवाज थांबल्यावर जी पोकळी निर्माण होते, ती दृक्श्राव्य माध्यमाची स्वतःची कमाई आहे.

४

कथाकाळ सुमारे पाव शतक पुढे आणताना अ‍ॅनिमेने काही बदल केले. पात्रांच्या हाती आधुनिक फोन आले. ग्रंथांचे ढीग उपसणारा मिगी आता आंतरजालावर माहिती शोधतो. आरंभीच्या शिनइचीच्या डोळ्यांवर चष्मा आला, आणि हृदय सांधले गेल्यावर तो चष्मा नाहीसा झाला. पहिले बदल काळानुरूप आहेत. चष्म्याचा बदल अधिक विचारात घ्यावा लागतो. मूळ कथेत शिनइचीचे पालटणे हळूहळू, इतरांच्या नजरेतून जाणवत जाते. तू खरोखर शिनइचीच आहेस ना, हा मुरानोचा पुनःपुन्हा येणारा प्रश्न कथेचा कणा आहे, कारण त्याचे उत्तर चेहऱ्यावर स्पष्टपणे लिहिलेले नाही. चष्मा काढताच ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ असे दोन शिनइची तयार होतात. शंकेची जागा खूण घेते आणि मुरानोचा प्रश्न प्रेक्षकापुरता आधीच सुटलेला असतो.

मानवी संख्येचा प्रश्नही या काळात पालटला होता. जगाची लोकसंख्या १९८७ साली पाच अब्ज झाली आणि २०११ साली सात अब्ज. रिओ येथील वसुंधरा परिषद १९९२ साली, मांगा क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच, भरली. मांगा सुरू झाली तेव्हा आरंभीच्या निनावी विचारात धक्का देण्याचे सामर्थ्य होते. २०१४ पर्यंत तो विचार शालेय निबंधाचा विषय झालेला होता. त्यामुळे अ‍ॅनिमेत हिरोकावाचे भाषण विचार म्हणून परिचित वाटते. त्यातली धार उरते ती तो माणूस निघण्यात.

५

अ‍ॅनिमेने मुळापासून सर्वाधिक फारकत घेतली आहे ती शीर्षकांत. मालिकेला ‘सेइ नो काकुरित्सु’ असे उपशीर्षक जोडले आहे. ‘काकुरित्सु’ हा जपानी तत्त्वचर्चेत कांटच्या ‘मॅक्सिम’साठी, म्हणजे आचरणाच्या नियमसूत्रासाठी, रूढ असलेला शब्द. त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘संभाव्यता’ असा होतो. ‘सेइ’ हा शब्द ध्वनिलिपीत लिहिल्यामुळे त्यातून ‘जीवन’ आणि ‘प्रकृती’ असे अर्थ निघतात. शिवाय भागांची शीर्षके विख्यात ग्रंथांची आहेत : काफ्काचे ‘रूपांतर’, काम्यूची ‘परका’ ही कादंबरी, नित्शेचे सदसताच्या पलीकडचे चिंतन, सोसेकीची ‘कोकोरो’, डॉकिन्सचे स्वार्थी जनुकाविषयीचे पुस्तक, दोस्तोयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’. आईच्या मृत्यूच्या भागाला काम्यूच्या कादंबरीचे नाव देण्यात औचित्य आहे, कारण त्या कादंबरीतही आईचा मृत्यू आणि न आलेले अश्रू आहेत. परंतु एकूण परिणाम असा होतो की मुळात निराधार असलेला प्रश्न विचारपरंपरेच्या आधाराने उभा राहतो. अनुभव येण्याआधी त्याचे वर्गीकरण हाती पडते.

कथेतील निर्णायक कृती मात्र कोणत्याही सूत्रात बसत नाहीत. रेइको तामुरा ही परजीवींमधली सर्वांत विचारी. ती माणसाचे मूल जन्माला घालते ते केवळ प्रयोग म्हणून. गोळ्यांचा वर्षाव होत असताना मात्र ती स्वतःच्या देहाने त्या अर्भकाला झाकते, शिनइचीच्या आईचा चेहरा धारण करून त्याच्याजवळ येते आणि मूल त्याच्या हाती सोपवून मरते. आपण असे का केले हे तिलाही सांगता येत नाही. शिनइचीचे हरवलेले अश्रू इथे परततात. ज्या जातीने आई नेली, त्याच जातीच्या एका जीवाच्या मातृत्वापाशी ते परततात. हा योग तर्काने जुळवता येणारा नाही.

गोतोच्या वधाचेही तसेच. पाच परजीवींच्या या देहात शिनइची गंजकी सळई खुपसतो, आणि तो कोसळतो तो माणसांनी बेकायदा टाकलेल्या कचऱ्यातल्या विषाने. छिन्नविच्छिन्न झालेला तो जीव पुन्हा सांधला जाऊ पाहत असताना शिनइचीला निर्णय घ्यायचा असतो. कोणी जगावे हे ठरवण्याचा अधिकार माणसाला नाही, असे म्हणून तो आधी पाठ फिरवतो. मग परततो आणि रडत, क्षमा मागत, घाव घालतो. गोतो दुष्ट आहे असे त्याला वाटत नाही. आपण क्षुद्र आहोत आणि आपल्या जवळच्यांपुरतेच पाहू शकतो, एवढेच त्याच्यापाशी समर्थन आहे. कांटचे नियमसूत्र सर्वांसाठी लागू होण्याची इच्छा धरता आली पाहिजे. शिनइची नेमकी तीच इच्छा धरू शकत नाही. त्याची कृती आवश्यक आहे, पण न्याय्य आहे असा दावा तो करीत नाही. आवश्यकता आणि न्याय्यता यांतले हे अंतर अश्रूंनी भरून निघत नाही, मात्र ते अंतर आहे याची नोंद अश्रू ठेवतात. अ‍ॅनिमेने हा प्रसंग निष्ठेने जपला आहे, आणि त्यामुळे तिचा हा प्रसंगच तिच्या उपशीर्षकाला छेद देतो.

६

अखेरीस निद्रिस्त मिगीचा आवाज शिनइचीला ऐकू येतो. आपल्याशी संबंध नसलेल्या जीवासाठी माणूस व्याकूळ होतो, कारण त्याच्या मनाला सवड असते, आणि मनाला सवड असलेला प्राणी ही मोठी अद्भुत गोष्ट आहे, अशा आशयाचे तो बोलतो. माणसाला सैतानाजवळ नेऊन बसवणाऱ्या डोळ्याने दिलेली ही शेवटची साक्ष. ती माणसाला निर्दोष ठरवीत नाही. जगण्याच्या निकडीतून सुटलेला थोडा वेळ जो दुसऱ्याच्या मरणापाशी खर्च करतो, तो माणूस, एवढेच ती म्हणते.

या साक्षीच्या उजेडात दोन्ही संहितांमधला भेद पुन्हा पाहावा लागतो. चित्रकथा आपल्या वाचकाला ही सवड रचनेतूनच देते. चौकटींमधल्या कोऱ्या पट्ट्या म्हणजे एका अर्थी सवडीचेच तुकडे. अ‍ॅनिमेत सवड निवेदनाचा विषय होते, अनुभवाची रीत क्वचितच होते. तरीही हा भेद माध्यमाचा अटळ स्वभाव मानणे चुकीचे ठरेल. मांगा वेगाने पाने उलटत वाचणारे वाचक असतात. मासिकाच्या दोन अंकांमध्ये जसा महिना जात असे, तसा मालिकेच्या दोन भागांमध्ये आठवडा जात होता, आणि त्या आठवड्यात प्रेक्षकाला विचार करता येत होता. ज्या प्रेक्षकाला आज चोवीस भाग एका बैठकीत सलग पाहता येतात, त्याच्याकडून तो आठवडाही गेला आहे. उलट त्याला चित्र थांबवून ठेवण्याची मुभा मिळाली आहे, जी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या प्रेक्षकाला नव्हती.

तेव्हा रूपांतराच्या नैतिकतेचा प्रश्न मूळनिष्ठेपाशी संपत नाही. कथेने ज्या मूल्याची कदर केली, ते मूल्य अनुभवण्यापुरती जागा नव्या संहितेत उरली का, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. ‘किसेइजू’च्या अ‍ॅनिमेत ती जागा मोजक्या ठिकाणी उरली आहे : मिगी गप्प झाल्यानंतरच्या शांततेत आणि गोतोकडे परत वळणाऱ्या शिनइचीच्या पावलांत. इतरत्र ती प्रेक्षकाला स्वतःहून निर्माण करावी लागते. कचऱ्याच्या डब्यापाशी परत जाणाऱ्या शिनइचीलाही ती कोणी आयती दिलेली नव्हती.